नव्या शाळेत गेल्यापासून पोट दुखतं

प्रश्न : माझी मुलगी सई (नाव बदललं आहे) चौथीपर्यंत वाई तालुक्यात, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती. वर्गात १९ मुलं होती. जूनमध्ये आम्ही वाकडला राहायला आलो आणि तिला पाचवीत सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत घातलं. आता रविवार संध्याकाळपासून तिच्या पोटात दुखायला लागतं. सकाळी बस येईपर्यंत रडारड. डबा अर्धा परत येतो. गावी पाढे घडाघड म्हणायची, इथे पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ७. 'मला काहीच येत नाही' म्हणते, धाकट्या भावावर खेकसते. तिचे बाबा म्हणतात, मीही आठवीत होस्टेलला गेलो तेव्हा रडलोच होतो, होईल सवय. सासूबाईंना हे नाटक वाटतं. घरी इंग्रजी बोलायला लागावं का? शिकवणी लावावी? की सरळ मराठी शाळेत परत घालावं? दिवाळीत गावी नेलं तर परत यायला तयार होईल का, हीसुद्धा धास्ती आहे. – एक आई, वाकड

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. सईचं पोट खरंच दुखतं. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते. मुलांमध्ये ते अनेकदा बेंबीच्या आसपासच्या दुखण्यातून दिसतं. रविवारी संध्याकाळी सुरू होऊन शुक्रवारी दुपारी गायब होणारं दुखणं हे बहुतेक वेळा ताणाचं असतं, पण ते ठरवायचं काम आपलं नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, ताप, शौचात रक्त, किंवा बेंबीपासून दूर एकाच ठिकाणी दुखणं, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण पालक ती सांगायला विसरतात : लघवी आणि शौच. नव्या शाळेतली मुलं, त्यातही मुली, स्वच्छतागृहात जायचं टाळतात. टाळायचं म्हणून पाणी पीत नाहीत. पाणी कमी, लघवी धरून ठेवलेली आणि सकाळी साडेसहाच्या बसच्या गडबडीत शौचाला जाणं राहून गेलेलं. काही आठवड्यांत बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ सुरू होते, आणि आता पोट दुखायला दुसरं कारणही मिळतं. तपासायचं कसं? शाळेतून आल्यावर पाण्याची बाटली हातात घेऊन बघा. सहा-सात तासांनी ती जवळजवळ भरलेली असेल आणि घरात शिरताच सई न्हाणीघराकडे धावत असेल, तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

गावच्या शाळेत करंगळी दाखवली की काम व्हायचं. इथे हात वर करायचा, मॅमचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं, ३५-४० मुलांसमोर इंग्रजी वाक्य म्हणायचं, आणि 'आता नको, ब्रेकमध्ये जा' हे उत्तर आलं तर खाली बसायचं. मोठ्यांना ही बाब किरकोळ वाटते. दहा वर्षांच्या मुलीचा अख्खा दिवस त्याभोवती फिरू शकतो.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. तुमच्या पत्रात माध्यमाचा, गुणांचा, इंग्रजीचा विचार आहे, आणि तो गैरलागू नाही. पण सईची बुद्धी गावी राहिलेली नाही. गावी राहिले ते शाळेत वावरायचे न लिहिलेले नियम. तिथे दिवसभर एकच बाई होत्या, त्यांचा मूड तिला चेहऱ्यावरून कळायचा. इथे दर ३५-४० मिनिटांनी नव्या मॅम येतात आणि प्रत्येकीचं शिस्तीचं गणित वेगळं. तिथे पोषण आहाराची खिचडी सगळ्यांच्या ताटात सारखी असायची, इथे प्रत्येकाचा डबा वेगळा आणि डब्यावरून बोलणारे असतात. तिथे खेळात घुसायला परवानगी लागत नव्हती. इथली मुलं नर्सरीपासून एकमेकांना ओळखतात, जागा ठरलेल्या, जोड्या ठरलेल्या. तिच्या बाबांना हेच सांगा : होस्टेलवर त्या दिवशी बहुधा आणखीही मुलं नवीन असतील, रडायला सोबत असेल. सई तिच्या वर्गात बहुतेक एकटीच नवीन आहे. आपोआप सवय होते ती सोबत असल्यावर. एकट्या मुलाला सवय होते ती गप्प राहण्याची, आणि शिक्षकांना ते मूल 'शांत, गुणी' वाटतं.

म्हणून शाळा बदलायची की नाही हा निर्णय आत्ता घेऊ नका. आधी दिवसातली नेमकी कोणती वेळ टोचते ते शोधा.

त्यासाठी शाळेचे दहा दिवस एक वही ठेवा. रोज पाच नोंदी पुरेत : रात्री किती वाजता झोप लागली, सकाळी तक्रार किती वाजता सुरू झाली आणि किती वेळ टिकली, डबा किती परत आला, पाणी किती परत आलं, त्या दिवशी कोणकोणते तास होते. सईसमोर लिहू नका. दहा दिवसांनी वही वेळापत्रकाशेजारी ठेवा. पीटीच्या दिवशी त्रास जास्त असेल तर प्रश्न संघात निवड न होण्याचा असू शकतो, इंग्रजीच्या दिवशी असेल तर मोठ्याने वाचनाचा. सगळे दिवस सारखेच जात असतील तर बस, डबा किंवा स्वच्छतागृह बघा. बसमध्ये मागच्या बाकावरची मोठी मुलं काय करतात हे शाळेलाही माहीत नसतं.

तिच्याशी बोलायचं ते घरात शिरताक्षणी नाही. खाऊन, कपडे बदलून अर्धा-पाऊण तास जाऊ दे. समोर बसवून विचारण्यापेक्षा शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना विचारा, तेव्हा नजरेला नजर द्यावी लागत नाही. 'शाळा कशी झाली?' याला 'बरी' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी 'आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?' किंवा 'कुठल्या तासाला सगळं कळलं?' असं विचारा. दिवसाला एक-दोन प्रश्न, बस्स. काही सांगितलं तर लगेच उपाय सुचवू नका. 'मग तू मॅमना का नाही सांगितलंस?' हे वाक्य तर पूर्ण वर्ज्य. त्यातून तिला चूक आपलीच होती एवढंच ऐकू येतं.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. 'त्या झेडपीच्या शाळेत काही शिकवलंच नाही', 'इथे बघ कसे सगळे फाडफाड बोलतात' ही वाक्यं पाहुण्यांसमोर, फोनवर, गमतीतही नकोत. सईला वाटणारी लाज इथूनही येते. चार वर्षं जिथे ती हुशार होती ती जागाच फालतू ठरली, तर तिची हुशारी कुठे उरली? मुलं हे बोलून दाखवत नाहीत, धाकट्या भावावर काढतात.

आता इंग्रजी. घरी मराठीच बोला. दुसऱ्या भाषेत रोजचं बोलणं जमायला मुलांना साधारण एक ते दोन वर्षं लागतात, आणि पाठ्यपुस्तकातली भाषा पेलायला पाच ते सात, हे या विषयातलं प्रस्थापित निरीक्षण आहे. सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात गप्प राहून नुसतं ऐकतं, तेही नेहमीचंच. या काळात घरातही मोडकंतोडकं इंग्रजी सुरू केलं तर मोकळेपणाने बोलायची शेवटची जागाही जाते. मात्र निभावून नेण्यापुरती सात-आठ वाक्यं पाठ करून घ्या. 'मे आय गो टू द वॉशरूम?' 'प्लीज से इट अगेन.' 'आय डिड नॉट अंडरस्टँड.' 'व्हिच पेज?' 'कॅन आय सिट हिअर?' घरी शाळा-शाळा खेळून, भावाला मॅम करून, उभं राहून मोठ्याने म्हणायला लावा. नुसतं वाचून वर्गात ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही. पुण्याच्या अशा शाळांत मैदानावर बहुतेक हिंदी चालतं, हेही लक्षात घ्या. 'मैं भी खेलूँ क्या?' हे वाक्य मधल्या सुट्टीत कुठल्याही इंग्रजी वाक्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गणितातल्या सातचं कोडं बहुधा इथेच सुटेल. मराठी आकड्यात एकक आधी ऐकू येतो, इंग्रजीत दशक आधी. पासष्टमधले पाच आधी, सिक्स्टी-फाइव्हमधले साठ आधी. मॅमने तोंडी उदाहरण घातलं की सई आकडा उलटवून घेते, मराठीत पाढा म्हणून उत्तर काढते, ते पुन्हा इंग्रजीत नेते. तोवर दुसऱ्या कुणी हात वर केलेला असतो. चाचणीत शाब्दिक उदाहरणं चुकली आहेत की नुसते हिशेब, हे तिची उत्तरपत्रिका मागून बघा. हिशेब बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं कोरी असतील, तर तिला गणित येतं.

त्यावर नेहमीची शिकवणी हा उपाय नाही. सात तासांच्या शाळेनंतर, जे वर्गात कळलं नाही तेच पुन्हा इंग्रजीत ऐकवणं एवढंच तिथे होतं. उलटं करा. रविवारी अर्धा तास पुढच्या आठवड्याचा धडा आधीच मराठीत समजावून सांगा आणि त्यातले आठ-दहा शब्द जोडीने लिहून घ्या : अपूर्णांक–फ्रॅक्शन, अंश–न्यूमरेटर, छेद–डिनॉमिनेटर, परिमिती–पेरिमीटर. सोमवारी वर्गात तोच शब्द कानावर पडला की 'हे मला माहीत आहे' असं एकदा तरी वाटतं. आत्ता तिला त्या क्षणाची गरज गुणांपेक्षा जास्त आहे. हे काम बाबांनी घ्यावं असं आमचं मत आहे. पाढे त्यांनी ऐकावेत, तेही मराठीतच.

गृहपाठाला रोज दोन तास लागत असतील तर तेही शाळेत बोला. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितला आहे.

शाळेचं ॲप हा नव्या शाळांच्या संस्कृतीतला एक भाग आहे आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. कुणाला स्टार मिळाला, कुणाचा गृहपाठ अपुरा, कार्यक्रमाचे फोटो, सगळं दुपारीच तुमच्या मोबाइलवर येतं. मूल बसमधून उतरायच्या आत आईला दिवस कळलेला असतो. मग दारातच पहिला प्रश्न : 'आज रिमार्क का आला?' स्वतःचा दिवस स्वतः सांगायची संधीच मुलाला उरत नाही, आणि वाईट गोष्ट लपवायची सोय नाही म्हटल्यावर ते बोलणंच बंद करतं. ॲप संध्याकाळी सातनंतर एकदा, सईला शेजारी घेऊन उघडा. आधी तिला सांगू दे, मग बघा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माझ्या मुलीला त्रास होतोय' असं मात्र लिहू नका. ते रात्रीत सगळ्या घरांत पोहोचतं आणि सकाळी वर्गात येतं.

वही भरली की वर्गशिक्षिकेची वेगळी वेळ मागा, १५-२० मिनिटांची. पालकसभेच्या रांगेत हे बोलणं होत नाही. तक्रारीच्या सुरात जाऊ नका, नोंदींचा एक कागद न्या आणि तीनच गोष्टी मागा. एक, स्वच्छतागृहासाठी वाक्य न म्हणता जाता येईल अशी खूण. बाकावर ठेवायचं लहानसं कार्डसुद्धा चालतं. दोन, शेजारी बसायला मराठी समजणारी, स्वभावाने मऊ अशी एक मुलगी. वर्गातली सगळ्यात हुशार नको. तीन, महिनाभर अचानक उभं करून वाचायला लावू नये. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा. गणिताच्या मॅमना निरोप द्यायला सांगा की तोंडी उत्तर वहीवर लिहून दाखवलं तरी चालावं. तीन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख तिथेच ठरवा आणि घरी येऊन ठरलेलं सगळं चार ओळींच्या ईमेलने पाठवा. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची तरतूद आहे. तुमच्या शाळेत त्या कोण आहेत, पाचवीच्या मुलांना कधी भेटतात, हेही विचारून घ्या.

बहुतेक शिक्षिका एवढं ऐकतात. पण मराठी बोलली म्हणून दंड, गळ्यात पाटी, वर्गासमोर टिंगल असं काही चालत असेल, तर तिथे सवयीचा प्रश्नच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर शिक्षणाधिकारी. मारहाण किंवा नकोसा स्पर्श अशी शंका आली तर मात्र या पायऱ्या चढत बसू नका, थेट १०९८ या बालमदतवाहिनीवर फोन करा किंवा पोलिसांत जा.

सकाळचं बघू. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. सई पाचवीत, म्हणजे त्याच्या बाहेर. तिच्या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. साडेपाचला उठायचं तर साडेआठला झोप लागायला हवी. एकदम आणता येणार नाही. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. उठल्यावर कोमट पाणी आणि स्वच्छतागृहात घाई नसलेली दहा मिनिटं मिळाली तरी बऱ्याच सकाळी सुधारतात. पोटदुखीचा नियम आदल्या रात्री, शांत असताना ठरवून टाका : ताप, उलटी, जुलाब यांतलं काही नसेल तर शाळेत जायचं. 'दुखतंय हे मला कळतंय, आणि तरी आपण जाणार आहोत', एवढंच म्हणा. बसपाशी निरोप छोटा ठेवा, लांबला की रडणंही लांबतं.

घरी ठेवलं की दुखणं थांबतं, आणि थांबतं म्हणूनच दुसऱ्या दिवशी जास्त होतं. एखादा दिवस घरी राहिलीच तर टीव्ही-मोबाइल बंद, शाळेच्या वेळेत शाळेचीच पुस्तकं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा नक्की. अगदीच अशक्य झालं तर शाळेशी बोलून आठवडाभर पहिले तीन-चार तासच बसू दे, मग वाढवत न्या. पूर्ण बंद मात्र करू नका.

मैत्रीसाठी वाढदिवसाची मोठी पार्टी देऊन उपयोग नाही. शनिवारी एकच मुलगी घरी बोलवा, दीड तास, आणि हाताला काम द्या : भेळ करायची, आकाशकंदील करायचा. इंग्रजी न येता करता येईल असं काहीतरी. सई लंगडीत, लेझीममध्ये चांगली असेल तर पीटीच्या सरांच्या कानावर घाला.

आता मूळ प्रश्न : परत मराठी शाळा? आमचा कल असा. फेब्रुवारीअखेरपर्यंत वाट बघा. तोवर तिला नावानिशी सांगता येईल अशी एक तरी मैत्रीण झाली, सकाळच्या तक्रारी निम्म्यावर आल्या आणि ती वर्गातलं काही आपणहून सांगायला लागली, तर इथेच राहू दे. गुण मागाहून येतील. तिन्हींतलं एकही झालं नाही, तर जूनमध्ये शाळा बदलणं हा पराभव नाही. तेव्हा सेमी इंग्रजीचा विचार नक्की करा : मराठी माध्यम, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वर्षाच्या मध्येच मात्र हलवू नका, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा नवखेपण तिला नको. शाळेत अपमान चालू असेल आणि थांबत नसेल, तर ही मुदत पाळायची गरज नाही. शासकीय आणि अनुदानित शाळांत बदलून जाण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. दाखला लगेच द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पाचवीला नापास होईल या भीतीने निर्णय घेऊ नका. याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन नापास करता येतं, पण त्याआधी दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावीच लागते.

दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही ती जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेत जाणंच थांबलं असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली तर ती धमकी समजू नका, त्याच दिवशी मदत घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

दिवाळीत गावी जरूर न्या. जुन्या बाईंना, मैत्रिणींना भेटू दे. न नेल्याने आठवण कमी होत नाही, फक्त बोलणं बंद होतं. एरवीही एका ठरलेल्या वारी मैत्रिणीशी फोन लावून द्या. परतायचं मात्र शाळा उघडायच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे झोपेची वेळ जागेवर येईल आणि त्या शनिवारच्या मुलीला एकदा घरी बोलावता येईल. सुट्टीचा अभ्यास पहिल्या चार दिवसांतच उरकून घ्या. शेवटच्या दिवशी निबंध आणि प्रोजेक्ट राहिलेलं असलं की परतीच्या गाडीतच पोट दुखायला लागतं.